आवाजाचे बचत खाते

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सुरू होणाऱ्या पॉडकास्टच्या पूर्वतयारीसाठी क्लब हाऊसमध्ये भरलेल्या सभेत केलेले भाषण. काही सभासदांनी लेखी प्रत मागितल्यावरून येथे देत आहोत.)



रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने यंदा ऑर्केस्ट्रा आणि स्नेहभोजनाबरोबर कार्यकारिणीने आणखी एक ठराव केला. सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या आठवणी सभासदांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायच्या आणि पॉडकास्टच्या रूपाने जपून ठेवायच्या. ठराव एकमताने मंजूर झाला, टाळ्याही जोरात वाजल्या. मग नावे देण्यासाठी वही फिरली. तिन्ही विंग फिरून आली तेव्हा तिच्यात फक्त चार नावे होती. चौघेही पुरुष, आणि चौघेही दर वार्षिक सभेत बोलणारेच! (हशा)

बाकीच्यांची कारणे मी विचारली. "मला नाही हो बोलता येत." "माझा आवाज अगदीच बारीक आहे." "ह्यांना विचारा, ते सांगतील." "आमची भाषा पडली गावाकडची." या चार कारणांवर बोलावे म्हणून आज मला उभे केले आहे. मी काही व्यावसायिक वक्ता नाही. छत्तीस वर्षे बँकेत काढली आणि निवृत्तीनंतर दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम करतो आहे. माइकसमोर बसून जे हाती लागले तेवढेच सांगणार आहे.

आधी हा पॉडकास्ट म्हणजे काय, ते ज्येष्ठांसाठी दोन वाक्यांत सांगतो. शब्द फार जुना नाही. २००४ साली 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रात बेन हॅमर्सली या पत्रकाराने तो प्रथम वापरला. आयपॉडमधला 'पॉड' आणि ब्रॉडकास्टमधला 'कास्ट' यांची ही सोयरीक. म्हणजे काय, तर कुणीतरी बोलून ठेवलेला कार्यक्रम, जो तुम्ही फोनवर हवा तेव्हा, हवा तितक्यांदा ऐकू शकता. रेडिओची वेळ आपल्याला पाळावी लागे. पॉडकास्ट आपली वेळ पाळतो.

पण आपल्या पिढीला यात नवीन काहीच नाही. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. पुढे वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे, छप्पन्न गीते लोकांनी रेडिओभोवती बसून ऐकली. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावोजी आणि मीनावहिनी आपल्याला शेजारच्या बिऱ्हाडातले वाटायचे. कारण ती माणसे भाषण करत नव्हती, घरात बसून बोलत होती. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. तिथे अमीन सायानी 'बहनों और भाइयों' म्हणायचे, त्यातही बहिणींना आधी मान. लाखो लोक ऐकत असत, पण प्रत्येकाला वाटे, हा माणूस माझ्याशीच बोलतोय. पॉडकास्टचे सगळे मर्म एवढ्यात आले. इथे सभेचा आवाज लागत नाही. इथे ओट्याशी उभे राहून आपण जसे बोलतो, तो आवाज लागतो. ज्या भगिनी म्हणतात "मला बोलता येत नाही", त्यांना हा आवाज आमच्यापेक्षा जास्त येतो.

आता हे करायचेच कशाला, हा प्रश्न. उत्तरासाठी मी सोसायटीची पहिल्या पाच वर्षांची इतिवृत्ते चाळली. पहिल्या उन्हाळ्याबद्दल त्यात एक ओळ आहे. 'पाणीपुरवठ्याबाबत चर्चा होऊन चर्चेअंती टँकर मागवण्याचे ठरले.' बस्स! ज्यांनी तो उन्हाळा पाहिला त्यांना ठाऊक आहे, टँकर रात्री अडीच-तीनला यायचा. खाली कळश्या आणि बादल्यांची रांग कुणी लावली? तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीच्या घरी दोन हंडे आधी पोचवायचे, हे कुणी ठरवले? पुरुषमंडळींना सकाळची लोकल गाठायची असायची. ही सगळी व्यवस्था बायकांनी चालवली. पण त्या काळी बहुतेक फ्लॅट पुरुषांच्या नावावर, म्हणून सभेला सभासद पुरुष, आणि इतिवृत्तात सूचक-अनुमोदकही पुरुष. 'चर्चेअंती' या एका शब्दाखाली अर्धी सोसायटी गाडली गेली आहे. त्या चर्चेतल्या कितीतरी व्यक्ती आज आपल्यात नाहीत. ज्या आहेत त्यांनी सांगितले नाही, तर पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सवाच्या वेळी इथे बसलेल्यांना ती एक ओळच वाचायला मिळेल.

दुसरी एक गोष्ट सांगतो. ज्यांची आहे त्यांची परवानगी घेऊन, नाव न घेता. आपल्याकडील एका गृहस्थांच्या पत्नी तीन वर्षांपूर्वी गेल्या. घरात लग्नापासूनचे फोटोंचे पाच अल्बम आहेत. आवाज मात्र एकच, फोनमध्ये राहून गेलेला एक निरोप. 'येताना कोथिंबीर आणा, आणि दूध अर्धाच लिटर, कालचं उरलंय.' अकरा सेकंद. ते मला म्हणाले, "फोटो बघून ती दिसते. पण हे ऐकलं की ती घरात असते." तो निरोप त्यांनी आता तीन ठिकाणी कॉपी करून ठेवला आहे. मंडळी, चाळीस वर्षांच्या संसाराचे अकरा सेकंद. आपल्यापैकी किती घरांत तेवढेही नसतील.

आणि भाषेची लाज वाटणाऱ्यांसाठी एक नाव पुरे आहे. बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या आपल्या खानदेशी बोलीत रचत, गात. घरातल्या मुलांनी, सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने, ते वेळोवेळी उतरवून घेतले. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. आचार्य अत्र्यांनी ते कागद पाहिले आणि १९५२ साली पुस्तक झाले. घरातल्या कुणी 'आईची भाषा गावंढळ आहे' म्हणून कान बंद केले असते, तर महाराष्ट्र केवढ्या धनाला मुकला असता! तेव्हा कोकणातली, वऱ्हाडातली, सोलापूरकडची, गोव्याची, जी बोली घेऊन तुम्ही या सोसायटीत आलात, त्याच बोलीत बोला. उच्चार स्पष्ट हवेत. ते पुण्याचे असायलाच हवेत असे नाही.

आता मुद्द्याचे. आवाज कमवायचा कसा?

मी बँकेतला माणूस, म्हणून बँकेचे उदाहरण देतो. बचत खात्यात दोन वर्षे ग्राहकाने काही उलाढालच केली नाही, तर ते खाते 'इनऑपरेटिव्ह' होते. पैसे तुमचेच असतात, कुठे जात नाहीत, पण काढायला गेलात तर कागदपत्रे द्या, सह्या करा, खाते पुन्हा चालू करून घ्या. आवाजाचे अगदी हेच आहे. निवृत्तीनंतर, मुले परगावी गेल्यावर, दिवसाकाठी आपण किती बोलतो? दूधवाला, वॉचमन, "चहा ठेवू का", संपले. खाते निष्क्रिय झाले. ते बंद पडलेले नाही, हे लक्षात घ्या. रोज दहा मिनिटे भरणा केला की ते चालू होते.

घशात दोन स्वरपट्ट्या असतात. फुप्फुसातून हवा वर येते, त्या पट्ट्या थरथरतात आणि आवाज उमटतो. पुरुषांच्या सेकंदाला साधारण शंभर ते सव्वाशे वेळा, बायकांच्या दोनशेच्या आसपास. वय वाढले की या पट्ट्या पातळ होतात, स्नायू सैल पडतात, त्यामुळे आवाज कापरा आणि हवा सुटल्यासारखा येतो. गंमत म्हणजे वयाबरोबर पुरुषांचा आवाज थोडा वर चढतो आणि बायकांचा थोडा खाली उतरतो. बरोबरी होते म्हणायची! (हशा) पण स्नायू आहेत म्हटल्यावर व्यायामाने फरक पडतो. गुडघ्यांना जो नियम, तोच गळ्याला.

पहिला भरणा श्वासाचा. आवाजाचे भांडवल म्हणजे श्वास. घाबरलो की आपण छातीच्या वरच्या भागात छोटे छोटे श्वास घेतो आणि वाक्य संपायच्या आत हवा संपते. शेवटचे शब्द गिळले जातात. मराठीत तर क्रियापद शेवटी येते. 'मी त्यांना पैसे...' दिले, की दिले नाहीत? शेवट गिळला की सगळा अर्थच गेला! म्हणून उताणे झोपा, पोटावर एक हात ठेवा. श्वास घेताना हात वर आला पाहिजे, खांदे नाहीत. मग उठून बसा आणि 'स्‌स्‌स्‌' असा सारखा आवाज करत हवा सोडा, घड्याळ लावून. आज दहा सेकंद जमले तर महिन्याभरात पंधरा जमतील. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबा, स्पर्धा नाही.

यापुढचा व्यायाम आपल्या शाळेने आधीच शिकवून ठेवला आहे. पाढे! बेचा पाढा एका श्वासात, खणखणीत, शेवटच्या 'वीस'पर्यंत सारख्याच आवाजात. तो जमला की तेराचा, सतराचा. ज्यांना मनाचे श्लोक पाठ आहेत त्यांनी आधी एका श्वासात एक चरण, मग दोन, मग पूर्ण श्लोक म्हणावा. बारा अक्षरांचा चरण, चार चरण, असे दोनशे पाच श्लोक आहेत, म्हणजे वर्षभराची सोय झाली.

दुसरा भरणा गळा मोकळा करण्याचा. गायक मैफलीआधी आवाज लावून घेतो, आपण मात्र झोपेतून उठल्या उठल्या माइकसमोर बसतो. ओठ मिटून 'म्म्म' असे गुणगुणा. ओठांना मुंग्या आल्यासारखे वाटले की बरोबर चालले आहे. घोडा करतो तसे ओठ फुर्रर्र करून उडवा, नातवंडांना आवडेल. अर्धा पेला पाण्यात स्ट्रॉ बुडवा आणि तिच्यातून 'ऊ' असा आवाज सोडत बुडबुडे काढा. हा पोरखेळ नाही. आवाजाचे उपचार करणारे तज्ज्ञ हाच व्यायाम देतात, कारण त्यात स्वरपट्ट्यांवर ताण न येता त्या चालू होतात.

पथ्येही थोडी सांगतो. दिवसभर घोट घोट पाणी प्या. ध्वनिमुद्रणाला बसल्यावर एकदम प्यायलेले पाणी स्वरपट्ट्या ओल्या करत नाही, ते आधीपासून पोटात जावे लागते. सारखे खाकरू नका. खाकरताना पट्ट्या एकमेकींवर आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्या किंवा आवंढा गिळा. घसा बसला असेल तर कुजबुजूही नका, त्यानेही ताण पडतो, सरळ गप्प बसा. नवीन कवळी बसवली असेल तर 'स' आणि 'श' काही दिवस शिटी मारतात. वर्तमानपत्र मोठ्याने वाचले की जीभ नवी जागा शिकते. आणि एक महत्त्वाचे. काही कारण नसताना आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर काढे करत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एखाद्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि त्याला स्वतःला ते कळत नसेल, तर घरच्यांनी लक्ष द्यावे. पार्किन्सनसारख्या आजारात असे होते, आणि वाचा-उपचाराने त्यात सुधारणा होऊ शकते.

तिसरा भरणा उच्चारांचा. आपल्या मराठीत लिहिताना एकच दिसणारी अक्षरे बोलताना वेगळी होतात. 'चहा'तला च आणि 'चुली'तला च एक नव्हे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, यांतला ज वेगळा. हे तुम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. पण कागद हातात घेतला की माणूस शाळेतल्यासारखा वाचू लागतो आणि हे सगळे सपाट होते. रोज दहा मिनिटे वर्तमानपत्रातले काहीही मोठ्याने वाचा, आणि वाचून झाले की कागद खाली ठेवून तेच घरातल्या माणसाला आपल्या शब्दांत सांगा. दोन्हींतला फरक कानाला कळू लागतो. 'चटईला टाचणी टोचली' हे आधी सावकाश म्हणा, मग वेग वाढवा. वेग महत्त्वाचा नाही, प्रत्येक अक्षर सुटे आले पाहिजे.

आता भीतीबद्दल. तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते, हात थरथरतो. हे होणारच. शरीराला वाटते संकट आले, ते तयारीला लागते. या धडधडीशी भांडू नका. श्वास सोडायला घ्यायच्या दुप्पट वेळ लावा, असे पाच-सहा वेळा केले की ती उतरते. पहिले एक वाक्य पाठ करून ठेवा, फक्त पहिले. गाडी सुरू झाली की पुढे आपोआप चालते.

पॉडकास्टमध्ये आणखी एक अडचण असते. समोर कुणी नसते. मान डोलावणारे नाही, हसणारे नाही. भिंतीशी बोलायला अवघड जाते. यावर उपाय सोपा आहे. फोनशेजारी एका माणसाचा फोटो ठेवा. परदेशातली नात असेल, गावाकडची बहीण असेल. तिलाच सांगा. 'श्रोतेहो' म्हणू नका, 'बरं का गं' म्हणा. आवाज लगेच बदलतो, करून बघा.

ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकल्यावर दहातले नऊजण म्हणतात, "शी, हा माझा आवाज?" त्याचे कारण समजून घ्या. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही. हाडांतून येणारा आवाज भरदार असतो. फोनमध्ये फक्त हवेतला येतो, म्हणून तो बारीक वाटतो. पण जगाने आजवर तुमचा तोच आवाज ऐकला आहे, आणि त्यावर प्रेमही केले आहे. आठवडाभर रोज दोन मिनिटे ऐका, परकेपणा जातो. ऐकताना आपली खुंटीही सापडेल. प्रत्येकाची एक असते. कुणाची 'काय आहे की', कुणाची 'म्हणजे', आमच्या मुलांची 'ॲक्च्युअली'. खुंटी आली की तिथे नुसते थांबा. माइकसमोरचे दोन सेकंदांचे मौन आपल्याला युगासारखे वाटते, पण ऐकणाऱ्याला ते विचार केल्यासारखे वाटते.

सावकाश बोला हेही सांगतो, आणि त्यामागे कारण आहे. आपले निम्मे श्रोते साठीच्या पुढचे असणार. बँकेत पेन्शनच्या दिवशी काउंटरवर कमी ऐकू येणारे ज्येष्ठ यायचे. नवे कारकून त्यांच्याशी ओरडून बोलायचे. ओरडले की आवाज वरच्या पट्टीत जातो, आणि वयोमानाने आधी ऐकू येईनासे होतात ते वरच्या पट्टीतलेच आवाज. तेव्हा खालच्या पट्टीत, सावकाश, शब्द तोडून बोलले की त्यांना एका फटक्यात कळे. पॉडकास्टलाही हेच लागू आहे.

काय बोलावे? सगळे आयुष्य नको. दहा मिनिटांत एक प्रसंग. 'माझा जन्म अमुक साली अमुक गावी' इथून सुरुवात करू नका, ऐकणारा जन्मापाशीच झोपतो. 'त्या रात्री टँकर आला तेव्हा लाइट गेलेले होते' इथून करा. पूर्ण भाषण लिहू नका. कार्डावर पाच शब्द लिहा: टँकर, कंदील, बाळंतीण, भांडण, चहा. त्यावर नजर टाकत बोला. जी मुले मुलाखत घेणार आहेत त्यांनाही सांगतो. "तेव्हा खूप त्रास झाला का?" असे विचारले तर आजी "हो" म्हणतील आणि गप्प बसतील. "त्या रात्री तुम्ही कुठे उभ्या होतात?" असे विचारा. उत्तर येत असताना 'हो, हो, बरोबर' करू नका, ते सगळे रेकॉर्ड होते, मान हलवा. आणि त्या थांबल्या तर तुम्हीही थांबा. पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते.

यंत्राचे थोडक्यात. महागडा माइक सध्या नको, साधा स्मार्टफोन पुरे. त्याचा माइक बहुधा खालच्या कडेला असतो, तिथे बोट येऊ देऊ नका. तोंडापासून वीतभर अंतर, आणि फोन समोर न धरता किंचित बाजूला धरा. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत येतो, तो थेट माइकवर बसला की 'फट्' असा आवाज होतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, कुकर आधी उतरवा. हॉलपेक्षा बेडरूम बरी. गादी, पडदे, उघडे ठेवलेले कपड्यांचे कपाट आवाज शोषून घेतात, घुमत नाही. आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून इअरफोनने ऐका, मगच पुढे जा. वाक्य चुकले तर बंद करू नका. एक टाळी वाजवा आणि ते वाक्य पुन्हा म्हणा. संपादन करणाऱ्या मुलांना पडद्यावर टाळीचा उंच सुळका दिसतो आणि ते बरोबर तिथे कात्री लावतात.

शेवटी माझ्या मूळ धंद्याला शोभतील अशा तीन सावधगिरीच्या सूचना. एक, दुसऱ्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय सांगू नका. सोसायटीची जुनी भांडणे रंगवून सांगायचा मोह होईल, पण ज्याच्याबद्दल बोलणार तो उत्तर द्यायला तिथे नसतो. बोलणाऱ्याची लेखी संमती घ्यावी, आणि ऐकून झाल्यावर 'हे काढा' म्हणण्याचा हक्क त्याला असावा. दोन, मध्ये मध्ये सिनेमाची गाणी घालू नका. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे राहतात, आणि गाण्याच्या शब्दांचे आणि चालीचे हक्क आणखी वेगळे. आपल्या भजनी मंडळाची पारंपरिक भजने त्यापेक्षा कितीतरी छान. तीन, प्रत्येक फाइलच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. पेन ड्राइव्ह हा लॉकर नव्हे, तो न सांगता बंद पडतो.

रेकॉर्डिंग पुढच्या महिन्यापासून रविवारी सकाळी होणार आहे. ज्यांना एकटीने बसायला संकोच वाटतो त्यांनी मैत्रिणीबरोबर, जावेबरोबर, सुनेबरोबर यावे. दोघींनी एकमेकींशी बोलावे, फोन मध्ये ठेवला आहे हे पाच मिनिटांत विसराल. घरकामाला येणाऱ्या ताई आणि पंचवीस वर्षे गेट सांभाळणारे आपले वॉचमनकाका यांनाही आग्रहाने बोलवावे, असे मी कार्यकारिणीला सुचवतो. सोसायटी त्यांनीही पाहिली आहे, आणि आपल्याला न दिसणाऱ्या बाजूने पाहिली आहे.

आणि ज्यांना कितीही सांगितले तरी पॉडकास्टमध्ये यायचे नाही, त्यांच्या घरच्यांना माझी एक विनंती आहे. आज रात्री जेवणे झाली की घरातल्या सर्वात वयस्कर माणसाजवळ बसा, फोन उशाशी ठेवा आणि विचारा, "या घरात आलो त्या दिवशी पहिला स्वयंपाक काय केला होता?" एक मिनिट रेकॉर्ड करा. कुणाला पाठवू नका, कुठे टाकू नका. फक्त त्यांचे नाव आणि तारीख घालून जपून ठेवा. हे खाते आजच उघडायचे असते, कारण नंतर ते उघडायला खातेदार स्वतः हजर असावा लागतो.